वाण आणि गुण

राग ही एकच वडिलोपार्जित इस्टेट अशी आहे, की जिच्यावर हक्क सांगायला कुणी कोर्टात जात नाही. गावाकडच्या दोन फणसांसाठी सख्खे भाऊ तीस-तीस वर्षं तारखा घेतील, पण 'आजोबांचा संताप माझ्या वाट्याला आला पाहिजे' असा दावा लावणारा वारस अजून जन्माला यायचा आहे. ही इस्टेट नेहमी दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. मुलगा गणितात पहिला आला, की तो 'आमच्या घराण्यावर' जातो. त्याच मुलानं दुपारी शेजारच्या पोराचं डोकं फोडलं, की संध्याकाळपर्यंत तो 'मामावर' गेलेला असतो. हे वडिलांचं मत. आईला विचाराल, तर तो आत्यावर गेलेला असतो. डोकं फुटलेल्या पोराच्या आईचं मत तिसरंच असतं आणि ते दोन्ही घराण्यांना समान न्याय देणारं असतं.

मामा आणि आत्या दोघंही गरीब स्वभावाचे निघाले, तरी अडत नाही. मग संगत उपयोगी पडते. ''आमचा बाळ्या मुळात साधा हो! ही समोरच्या चाळीतली पोरं भेटली आणि बिघडला.'' समोरच्या चाळीत जाऊन पाहावं, तर तिथल्या आया आपल्या साध्या पोरांना बाळ्याची संगत सोडायला सांगत असतात.

राग रक्तातून येतो की संगतीतून, या वादात आपल्या पूर्वजांनी मोठ्या धोरणानं दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार करून ठेवल्या आहेत. 'खाण तशी माती', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच' हा झाला रक्तवाल्यांचा पक्ष. दुसऱ्या पक्षाकडे एकच म्हण आहे, पण ती एकटीच तिघींना पुरून उरते. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' ढवळ्याचा पांढरा रंग काही पवळ्याला लागला नाही, पण त्याच्या खोड्या मात्र लागल्या. म्हणजे वाण जन्माचा आणि गुण गोठ्याचा!

हा नुसता म्हणींचा सामना असता, तर बरोबरीत सोडवून आपण चहा घेतला असता. पण त्यात एक अवघड गोम आहे. राग रक्तातून येत असेल, तर रागावणाऱ्याला बोल लावायचा तो कोणत्या तोंडानं? कुणी पाच फूट दोन इंच उंचीचा आहे म्हणून आपण त्याला रागावत नाही. आणि राग गोठ्यातून येत असेल, तर बोल गोठ्याला लावला पाहिजे, बैलाला नव्हे. म्हणजे दोन्ही शास्त्रांप्रमाणे रागावणारा सुटतो आणि ज्याचं डोकं फुटलं तो तेवढा पट्टी बांधून बसतो. मनाला न पटणारा हा निकाल शास्त्राला तरी पटतो का, हे एकदा पाहायलाच हवं.

आता हे माणसांवर प्रयोग करून पाहणं कठीण. दहा चिडक्या सासवांची नातवंडं दहा शांत सासवांकडे वाढवायला द्यायची म्हटलं, तर प्रयोग सुरू होण्याआधीच शास्त्रज्ञाचा निकाल लागायचा. म्हणून शास्त्रज्ञ जनावरांकडे वळले. जनावरांचं एक बरं असतं. ती मामाचं नाव सांगत नाहीत.

सगळ्यांत नावाजलेला प्रयोग रशियातला, कोल्ह्यांचा. दिमित्री बेल्याएव नावाच्या शास्त्रज्ञानं १९५९ साली सायबेरियात, नोवोसिबिर्स्कला तो मांडला. त्या देशात तेव्हा आनुवंशशास्त्राचं नाव काढणंसुद्धा धोक्याचं होतं. बेल्याएवचा थोरला भाऊ याच शास्त्रातला. त्याला १९३७ साली गोळी घातली गेली होती. त्यामुळे रागाचा अभ्यास करायला बसलेला हा गृहस्थ आधी दुसऱ्या एका मोठ्या रागापासून जीव वाचवत होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं. कातड्यासाठी पाळलेले रुपेरी कोल्हे त्यानं घेतले. पद्धत साधी. पिंजऱ्यात हात घालायचा. जो कोल्हा गुरगुरत अंगावर येईल तो बाद, जो जरा कमी दात दाखवील त्याचीच पुढची पिढी वाढवायची. (आपल्याकडे मुलगी दाखवताना हीच कसोटी नवऱ्यामुलाला लावली असती तर? पण ते असो.) चौथ्या पिढीत एक पिल्लू माणूस दिसल्यावर शेपूट हलवू लागलं. दहाव्या पिढीपर्यंत शंभरातली अठरा पिल्लं अशी झाली, की माणूस दिसला की कुँ कुँ करत हात चाटायला धावायची.

तिकडे दुसऱ्या बाजूला मुद्दाम चिडक्या कोल्ह्यांचीही एक जात वाढवली होती. मग ल्युदमिला त्रुत या बाईंनी, ज्यांनी बेल्याएवनंतरही हे काम पुढे चालवलं, दोन्हींकडचे गर्भ अदलून बदलून पाहिले. चिडक्या आईच्या पोटी मवाळ बाळ आणि मवाळ आईच्या पोटी चिडकं बाळ. निकाल काय? मवाळांचं पोर चिडकीच्या पोटातून आलं, तरी माणसाकडे धावायचंच. ती आई बिचारी त्याला मानगुटीला धरून पुन्हा घरट्यात आणून टाकायची. हे दृश्य मला अगदी ओळखीचं वाटतं. संध्याकाळी सातनंतर कुठल्याही मराठी वस्तीत ते दिसतं.

म्हणजे 'खाण तशी माती' जिंकली म्हणायची. पण थांबा. या कोल्ह्यांच्या स्वभावाबरोबर त्यांचं रूपही बदललं. काहींचे कान पडले आणि काहींची शेपटी चक्क कुत्र्यासारखी वर वळली. हे सगळं निवडीमुळेच झालं का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात (आणि ते काही मवाळ जातीचे नाहीत). पण आपण शेकडो वर्षं कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ करत बसलो आणि कोल्ह्याचं सरळ शेपूट वाकडं झालं ते तो शहाणा झाल्यावर! वाकडं शेपूट ही खोड नसून सज्जनपणाची खूण असायची शक्यता आहे, हे आपल्या एकाही म्हणीच्या ध्यानात आलं नाही.

आता दुसरा पक्ष ऐकू. झिंग-यांग कुओ नावाचे एक चिनी शास्त्रज्ञ होते. मांजराला उंदीर मारायची बुद्धी जन्मतःच असते, हे सगळं जग मानतं. कुओंनी विचारलं, ''कशावरून?'' १९३० साली त्यांनी प्रयोग छापला. एकवीस पिल्लं अशा आयांजवळ वाढवली, की ज्या त्यांच्यादेखत उंदीर मारीत. त्यांतली अठरा पिल्लं मोठेपणी उंदीर मारू लागली. वीस पिल्लं एकटी वाढवली. त्यांतल्या नवांनी उंदीर मारले. आणि अठरा पिल्लं उंदरांबरोबरच एका पिंजऱ्यात वाढवली. त्यांतल्या फक्त तिघांनी पुढे उंदीर मारले, तेही परके. सोबत वाढलेल्या उंदराच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. म्हणजे 'उंदीर-मांजराचं वैर' असं जे आपण म्हणतो, ते बरंचसं शिकवणीच्या क्लासातून आलेलं असतं. मांजरासारखं मांजर शेजारधर्म पाळतं आणि आपण सामायिक जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून दोन-दोन वर्षं बोलत नाही!

हे दोन पक्ष कमी पडले म्हणून की काय, १९८०च्या सुमारास उंदरांनी तिसराच काढला. उंदरिणीच्या पोटात पिल्लं एका रांगेत वाढतात, एस्टीच्या बाकावर बसल्यासारखी. अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं, की दोन भावांच्या मध्ये जागा मिळालेल्या बहिणीला दोन्हींकडून नरांचं संप्रेरक थोडंथोडं पोचतं आणि ती पुढे इतर माद्यांवर जास्त धावून जाते. दोन बहिणींच्या मध्ये बसलेली मवाळ निघते. रक्त तेच, आई तीच, घर तेच. फरक पडला तो सीटचा. गर्भसंस्काराच्या नावाखाली आपण बाळाला सतार ऐकवतो, पण शेजारी कोण बसलंय याची चौकशी केली पाहिजे, हे कुणी सांगत नाही.

मी हे सगळं वाचत होतो त्याच सुमाराला आमच्या सोसायटीत एका कुत्र्यावर खटला उभा राहिला. तळमजल्यावरच्या एका दांडग्या कुत्र्यानं कुरिअरवाल्याची पोटरी धरली होती. लगेच खास सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. चिटणीस म्हणाले, ''ही जातच वाईट. हाकलून द्या.'' मालक म्हणाले, ''आमच्या रॉकीच्या आजोबांना डॉग शोमध्ये बक्षीस मिळालेलं आहे.'' कुत्र्याच्या आजोबांचा उल्लेख निघाल्यावर सभेतल्या आजोबांनाही चेव आला. दुसऱ्या मजल्यावरच्या पॉमेरेनियननं आजवर चौघांना प्रसाद दिलेला आहे, त्यात खुद्द चिटणीस एक. पण तो टाचेच्या वर पोचत नसल्यामुळे त्याच्यावर कधी सभा झाली नाही. गुन्हा दातांवरून नव्हे, तर उंचीवरून ठरतो, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

जातीचा प्रश्न अगदीच निराधार होता असं नाही. अमेरिकेत बार हार्बर या गावी स्कॉट आणि फुलर या जोडीनं पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षं एकत्र वाढवून १९६५ साली जाडजूड ग्रंथ काढला. बीगल जातीची पिल्लं एकत्र सुखानं नांदायची, पण फॉक्स टेरियरची भावंडं लहानपणीच एकमेकांवर अशी तुटून पडायची, की त्यांना वेगळं करावं लागे. पण त्याच ग्रंथात दुसरंही आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा प्रेमळ सहवास मिळाला नाही, तर ते जन्मभर माणसाला बिचकतं. आणि २०२२ साली अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती गोळा करून झालेल्या अभ्यासात दिसलं, की एका कुत्र्याचा आणि दुसऱ्या कुत्र्याचा स्वभाव वेगळा असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. कुत्रा चटकन बिथरेल की नाही, हे तर जातीवरून जवळजवळ कळतच नाही.

ही आकडेवारी मी सभेपुढे ठेवली. तिचा काहीही उपयोग झाला नाही. तोपर्यंत सभेला उपस्थित असलेल्या सर्व जाती एकमेकांवर गुरगुरू लागल्या होत्या. शेवटी वॉचमन हळूच म्हणाला, ''साहेब, तो दिवसभर ग्रिलला दोन फुटी साखळीनं बांधलेला असतो आणि शाळेतून येताना पोरं त्याला रोज काठीनं डिवचतात.'' सभा एकदम गप्प झाली. कारण ती पोरं सोसायटीतलीच होती आणि त्यांचे मामा, आत्या असा सगळा गोतावळा तिथं हजर होता.

रॉकीची साखळी सुटली, त्याला दोन वेळा फिरवायचं ठरलं, पोरांना दम मिळाला. कुत्र्याच्या बाबतीत न्याय इतका सोपा असतो. तो चावला म्हणून आपण त्याला बोल लावत नाही. का चावला ते शोधतो आणि साखळी बदलतो. अडचण माणसाच्या बाबतीत येते.

कारण प्रत्येक घराण्यात एक जमदग्नी असतो. त्याचं ताट वेळेवर आणि गरम लागतं. तो घरात शिरला की रेडिओचा आवाज आपोआप बारीक होतो, मुलं पुस्तकं उघडतात आणि मांजर उठून परसात जातं. त्याची बायको चाळीस वर्षं एकच वाक्य सांगत असते : ''त्यांचा स्वभावच तसा, पण मनानं चांगले आहेत हो.'' हे सांगताना ती फुटलेल्या कपबशीचे तुकडे गोळा करत असते. स्वभावच तसा, म्हणजे खाण तशी माती, म्हणजे कुणाचाच दोष नाही. पण मला या उपपत्तीत एक शंका आहे. हाच जमदग्नी ऑफिसात साहेबापुढे फाईल घेऊन उभा असतो, तेव्हा त्याचं रक्त कुठं गेलेलं असतं? साहेब वाट्टेल ते बोलतो आणि हा 'यस सर' म्हणतो. साडेदहा ते साडेपाच ही आनुवंशिकता रजेवर असते आणि सहाच्या लोकलनं बरोबर घरी येते! जे रक्त हुद्दा ओळखतं, त्याला नुसतं रक्त कसं म्हणायचं?

कायद्यालाही हे कोडं पडलेलं आहे. इटलीतल्या एका अपील कोर्टानं २००९ साली एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली. कारणांपैकी एक असं, की त्याच्या अंगात आक्रमकपणाशी जोडलं गेलेलं एक जनुक सापडलं. आता दुसरा एखादा न्यायाधीश त्याच पुराव्यावर म्हणाला असता, ''रक्तातच आहे ना? मग सुटल्यावर हा पुन्हा तेच करील. वाढवा एक वर्ष.'' पुरावा एक आणि निकाल दोन. म्हणजे राग कुठून आला हे शास्त्र सांगेल, पण त्याचं करायचं काय, हे शास्त्राच्या कपाटात नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागणार.

आणि मुळात रक्त किती आणि गोठा किती, हा हिशेबच नीट मांडता येत नाही. विडा रंगतो तो पानामुळे, चुन्यामुळे की कातामुळे? पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी आणि तोंड लाल. यातला तांबडेपणा कुणाच्या खात्यावर किती टक्के टाकणार?

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते आफ्रिकेतल्या माकडांनी. केनियात मसाई मारा नावाचं अभयारण्य आहे. तिथल्या बबून माकडांचा रॉबर्ट सापोल्स्की या शास्त्रज्ञानं बरीच वर्षं अभ्यास केला. बबूनांचा कारभार आपल्या ओळखीचा आहे. थोरला नर मधल्याला बडवतो, मधला धाकट्याला, धाकटा मादीला आणि मादी पिल्लाला. पिल्लाच्या खाली कुणी नसतं. (आपल्याकडे निदान मांजर असतं.) १९८०च्या दशकात शेजारच्या टोळीला पर्यटकांच्या एका लॉजचा उकिरडा सापडला. रोज आयतं अन्न! त्याच्यावर डल्ला मारायला या टोळीतले भांडखोर नर तेवढे जायचे, कारण तिथं मारामारी करावी लागे. मवाळ नर घरीच बसत, माद्यांच्या उवा काढत. पुढे त्या उकिरड्यात क्षयाचं मांस आलं आणि तिथं जाणारे सगळे भांडखोर मेले. टोळीतले जवळजवळ निम्मे नर गेले. उरल्या माद्या, पोरं आणि उवा काढणारे सज्जन. साहजिकच टोळी शांत झाली.

यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. बबूनांत नर वयात आला की आपली टोळी सोडून परक्या टोळीत जातो. त्यामुळे १९९३ पर्यंत त्या टोळीतले जुने सज्जन नर एकूण एक संपले होते. जे होते ते सगळे बाहेरून आलेले, इतर टोळ्यांच्या दणादणीत वाढलेले. रक्त निराळं, बालपण निराळं. आणि तरीही टोळी शांतच होती! मारामारी संपली नव्हती, बबून ते बबूनच. पण वरच्यानं खाल्लेला मार खालच्यावर काढणं कमी होतं आणि उवा काढणं जास्त होतं. नव्या नराला त्या टोळीतल्या माद्या इतरांपेक्षा लवकर जवळ करत. आल्याआल्या कुणी त्याला बडवत नव्हतं. मग थोड्या महिन्यांत तोही दुसऱ्याला बडवायचं विसरे. त्याला कुणी प्रवचन दिलं नाही, की सुविचाराची पाटी दाखवली नाही. वाण नाही, पण गुण लागला. आपली म्हण मसाई मारामध्ये शंभर नंबरी खरी ठरली आणि तीही चांगल्या अर्थानं, ज्या अर्थानं आपण ती कधी वापरतच नाही.

तेव्हा रागावणाऱ्याला बोल लावायचा की नाही? मला वाटतं, थोडा लावावा. कुत्र्याला साखळी दुसऱ्यानं बांधलेली असते. माणसाला निदान ती हाताला लागते. साहेबापुढे जो आवर जमतो, तो घरी जमणार नाही असं नाही. पण बोल लावून झाल्यावर एक प्रश्न उरतोच आणि तो त्याच म्हणीत दडलेला आहे.

ती म्हण आपण जन्मभर ऐकत आलो आणि ऐकताना आपल्यापैकी प्रत्येकानं स्वतःला पवळ्याच्या जागी धरलं. आपण मुळात साधे. जे काही बिघडलं ते शेजारी बांधलेल्या त्या ढवळ्यामुळे. बाळ्याची आई तेच म्हणते, चाळीतल्या आयाही तेच म्हणतात, जमदग्नीही मनातून तेच म्हणत असेल. सगळा गोठा पवळ्यांनी भरलेला आहे आणि ढवळ्याच्या दाव्याला कुणी उभंच नाही! पण दावणीला जर आपल्या शेजारी कुणी बांधलेलं असेल, तर त्याच्या शेजारी आपण बांधलेले आहोत, एवढं गणित मामावर गेलेल्या मुलालाही यावं. आपण कुणावर गेलो, हे आता बदलता यायचं नाही. पण आपला गुण कुणाला लागतोय, ते पाहायला मान जराशी वळवली तरी पुरे. दावं तेवढं लांब असतं.